वंशागत व जन्मजात नेत्रविकार आणि आपली कुटुंबे

धान्याचा व्यापार हा मुळात नजरेचा व्यापार होय. पोत्यातून काढलेला मूठभर नमुना तळहातावर घेतला की तुरीचा दाणा भरलेला आहे की पोचट, हरभऱ्यास कीड लागली आहे की नाही, ज्वारी पावसात सापडून काळी पडली आहे काय, हे आम्हां लोकांस प्रथम डोळाच सांगतो. ज्या इंद्रियावर आपला चरितार्थ चालतो, त्याविषयी आपले ज्ञान मात्र चष्मा व मोतीबिंदू या दोन शब्दांपलीकडे सहसा जात नाही. उतारवयात येणारा मोतीबिंदू आपण ओळखतो, त्याची शस्त्रक्रियाही करवून घेतो. परंतु जे नेत्रविकार बालकाबरोबरच जन्मास येतात, किंवा आईबापांच्या रक्तातून चालत येऊन पुढे दहाव्या-विसाव्या वर्षी प्रकट होतात, त्यांच्याविषयी घरात बोलणेही टाळले जाते. कारण उघड आहे. अशा गोष्टीचा बोभाटा झाला तर मुलामुलींच्या सोयरिकी अडतील, ही भीती. या भीतीपायी कित्येक बालकांच्या उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे.

वंशागत आणि जन्मजात

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. जन्मतःच असलेला तो जन्मजात विकार, आणि आईबापांकडून बीजरूपाने आलेला तो वंशागत विकार. दोन्ही गोष्टी नेहमी एकत्र असतातच असे नाही. गर्भवती मातेस रुबेला नावाचा गोवरासारखा सौम्य ताप आला तर बालक मोतीबिंदू, बहिरेपणा व हृदयदोष घेऊन जन्मास येऊ शकते. हा विकार जन्मजात खरा, परंतु वंशागत नव्हे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली मोतीबिंदू असलेल्या ७८ अर्भकांची हकीकत मांडून ही गोष्ट जगाच्या नजरेस आणली. आज त्यावर लस आहे, व २०१७ पासून आपल्या देशात गोवर आणि रुबेला या दोहोंची एकत्रित लस बालकांना दिली जात आहे. याउलट काही विकार पूर्णपणे वंशागत असूनही जन्मतः त्यांची खूणसुद्धा दिसत नाही. मूल चांगले पाहते, खेळते, शाळेत जाते, आणि मग हळूहळू त्याची नजर आकसू लागते.

दुसरी गोष्ट अशी की पुष्कळदा असा विकार केवळ डोळ्यापुरता नसतो. कान, हृदय, मूत्रपिंड, हाडे, त्वचा यांपैकी एखाद्या ठिकाणीही त्याची खूण असते. अशा एकत्र येणाऱ्या लक्षणांच्या समूहास डॉक्टर लोक सिंड्रोम म्हणतात. म्हणजे शरीरावर एक खूण दिसली तर डोळे तपासावेत, आणि डोळ्यांत दोष दिसला तर बाकीचे शरीरही तपासून घ्यावे. ही एवढी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

वही आणि तिची नक्कल

हे दोष पिढ्यान्‌पिढ्या कसे चालत येतात, हे आपल्या धंद्यातील दाखल्यानेच सांगतो. मनुष्याच्या शरीरातील प्रत्येक कामाची कृती जणू एका वहीत लिहून ठेवलेली असते, व प्रत्येकापाशी त्या वहीच्या दोन प्रती असतात. एक प्रत आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. एका प्रतीतील एखादे पान वाळवीने खाल्ले तरी दुसऱ्या प्रतीत तेच पान शाबूत असल्यामुळे काम अडत नाही. असा मनुष्य स्वतः निरोगी असतो, केवळ ते खराब पान त्याच्यापाशी असते, इतकेच. त्यास रोगी म्हणता येत नाही. परंतु पती व पत्नी या दोघांपाशीही नेमके तेच पान खराब असेल, आणि बालकाच्या वाट्यास दोघांकडून खराब प्रतच आली, तर ते काम शरीरास करताच येत नाही व रोग प्रकट होतो.

अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारात एक असतो. येथे एक मोठा गैरसमज आढळतो. पहिले मूल रोगी निघाले म्हणजे पुढील तीन निरोगी होणार, असा हिशेब काही जण करतात. तो चुकीचा आहे. प्रत्येक गरोदरपणी नाणे नव्याने फेकले जाते. मागच्या वेळी काय पडले याचा पुढच्या वेळेशी काही संबंध नसतो.

काही विकारांत एकाच प्रतीतील दोष सगळा हिशेब बिघडविण्यास पुरेसा होतो. तेथे आई किंवा बाप स्वतः रोगी असतो व प्रत्येक अपत्यास निम्मा संभव असतो. काही विकार मातेकडून पुत्रांत उतरतात, माता स्वतः बहुधा चांगली असते. आणि काही वेळा कोणाच्याही घराण्यात पूर्वी नसलेला दोष एखाद्या बालकात नव्यानेच उत्पन्न होतो. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. यात कोणाचाही अपराध नसतो. सुनेच्या पायगुणास, ग्रहणात काही चिरल्यास किंवा मातेच्या खाण्यापिण्यास दोष देण्याची रीत सर्वस्वी अन्यायाची होय. दोन प्रतींच्या प्रकारात तर खराब पान दोन्ही घराण्यांतून आलेले असते.

नात्यातील विवाह

आता नाजूक विषयाकडे वळतो. मराठवाडा, तेलंगण व दक्षिणेकडील कित्येक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी, कोठे कोठे तर सख्ख्या भाचीशी विवाह करण्याची चाल आहे, व आपल्यातील काही शाखाही तीस अपवाद नाहीत. घरची मालमत्ता घरात राहते, मुलगी ओळखीच्या घरी जाते, असे त्यामागील विचार असतात. परंतु रक्ताचा हिशेब असा आहे. सख्ख्या भावंडांत सरासरी आठ आणे हिस्सा समान असतो. मामा-भाचीत चार आणे आणि मामे-आते भावंडांत दोन आणे. ज्यांच्या वह्या एकाच जुन्या वहीवरून उतरविलेल्या, त्यांच्यात वाळवी लागलेले पानही एकच असण्याचा संभव वाढतो. अशा प्रत्येक विवाहातून रोगी संतती होते असे मुळीच नव्हे, बहुसंख्य अपत्ये निरोगीच निपजतात. तथापि ज्या कुटुंबात अंधत्व, बहिरेपणा किंवा रातांधळेपणा एकदा दिसून आला आहे, तेथे पुन्हा नात्यातच सोयरीक करणे शहाणपणाचे नाही.

आपल्यातील ज्या शाखा गोत्रे टाळून विवाह करतात, त्यांना वाटेल की आपण सुरक्षित आहोत. गोत्र टाळणे चांगलेच. मात्र गोत्र बापाकडून चालते, मातेकडील नाते त्यात दिसून येत नाही. समाज लहान असेल व दहा-बारा गावांतील तीच घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मुली देत-घेत असतील, तर गोत्रे भिन्न असूनही मूळ वही एकच असू शकते. जैनांसही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पित्याकडील पाच व मातेकडील तीन पिढ्यांची सपिंड मर्यादा घातली आहे. रूढीस त्यात मोकळीक असली तरी त्या मर्यादेमागील सावधगिरी आजही विचारात घेण्याजोगी आहे.

हा प्रश्न आपल्या प्रदेशास किती लागू आहे, याचा अंदाज शेजारच्या एका पाहणीवरून येतो. नागपूरनजीकच्या खेड्यांत तीस वर्षांवरील ४७११ जणांचे डोळे तपासले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू ऱ्हास करणारा रेटिनायटिस पिगमेंटोझा नावाचा वंशागत विकार सुमारे साडेसातशे माणसांत एकास आढळला. जगात अन्यत्र हे प्रमाण सुमारे चार हजारांत एक असे सांगितले जाते.

कोणत्या खुणा पाहाव्यात

वर सांगितलेल्या पडद्याच्या विकारात प्रथम रातांधळेपणा येतो, पुढे दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकसत जाते व नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते. अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही रातांधळेपणा येतो, परंतु तो औषधाने बरा होतो. हा तसा बरा होत नाही, म्हणून दोहोंतील फरक डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. आपल्या ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते व मुले संध्याकाळनंतर फारशी बाहेर जात नाहीत, तेथे ही खूण ध्यानात येण्यास उशीर लागू शकतो. पहाटे मंदिरात जाताना मूल ठेचकाळते काय, वीज गेली असता भिंत चाचपते काय, हे वडील मंडळींनी पाहावे.

हाच पडद्याचा विकार जन्मजात बहिरेपणासह आला तर त्यास अशर सिंड्रोम म्हणतात. १९१४ साली चार्ल्स अशर या ब्रिटिश नेत्रवैद्याने तो वंशागत असल्याचे दाखविले. तोच पडद्याचा विकार हातापायांस जादा बोट, लहानपणापासून स्थूलपणा व मूत्रपिंडाचा दोष यांसह आला तर ते बार्डे-बीडल सिंड्रोम असू शकते. जादा बोट शस्त्रक्रियेने काढले जाते व घरची मंडळी ते विसरून जातात, म्हणून डॉक्टरांस ही गोष्ट आवर्जून सांगावी.

मूल वयाच्या मानाने फार उंच, हातपाय व बोटे लांबसडक, आणि चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढत असेल तर मार्फान सिंड्रोमची शंका घ्यावी. पॅरिसचे डॉक्टर आंत्वान मार्फान यांच्या १८९६ सालच्या वर्णनावरून हे नाव पडले. यात निम्म्याहून अधिक रोग्यांच्या डोळ्यातील भिंग जागेवरून सरकते. खरा धोका मात्र हृदयापासून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीस असतो, ती फुगून फाटू शकते. अशा वेळी नेत्रवैद्याने केलेले निदान रोग्याचे प्राणच वाचवते.

जन्मतः त्वचा, केस व पापण्या पांढुरक्या असणाऱ्या मुलांची बुबुळे हलत राहतात, त्यांना उजेड सोसत नाही व नजर अधू असते. आदिलाबादच्या उन्हाळ्यात तर त्यांना काळा चष्मा, टोपी व अंगभर कपडे अत्यावश्यक होत. कपाळावर पांढऱ्या केसांची बट, निळे किंवा दोन रंगांचे डोळे व बहिरेपणा ही वार्डेनबर्ग सिंड्रोमची लक्षणे. यात दृष्टी बहुधा चांगली असते. निळ्या डोळ्यांचे कौतुक जरूर करावे, पण कानही तपासून घ्यावेत. कपाळावर व पापणीवर पसरलेला जन्मजात लाल डाग असेल तर त्या बाजूच्या डोळ्यात काचबिंदू होऊ शकतो. हा विकार वंशागत नाही, तरी तपासणी वारंवार हवी. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत तिरळेपणा, चष्म्याचा नंबर व मोतीबिंदू पुष्कळ आढळतात. मतिमंद मूल म्हणून त्यास चष्मा देण्याचे टाळले, तर त्याची शिकण्याची जी शक्ती आहे तीही वाया जाते.

जेथे एक महिनाही थांबू नये

तान्ह्या बालकांच्या तीन खुणा अशा आहेत की तेथे ‘मोठे झाल्यावर पाहू’ हा विचारच घातक ठरतो.

पहिली, बाहुलीत पांढरेपणा. तो जन्मजात मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया जन्मानंतर पहिल्या दोन महिन्यांच्या आसपास व्हावी लागते. कारण त्या काळातच मेंदू पाहण्यास शिकतो, तो काळ गेला की नंतर भिंग स्वच्छ करूनही नजर पुरती येत नाही. दूध पचविण्याच्या एका वंशागत दोषातही अर्भकास मोतीबिंदू होतो, व तो वेळीच ओळखून दूध बंद केले तर मागेही हटतो.

दुसरी, अंधारात मांजराच्या डोळ्यासारखी चमक. ती कित्येकदा छायाचित्रात प्रथम दिसते. ती डोळ्याच्या पडद्यावरील कर्करोगाची खूण असू शकते. वेळीच उपचार झाल्यास यातील बहुतेक बालके वाचतात. हा रोग कधी वंशागत असतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासावे लागतात.

तिसरी, डोळे प्रमाणाबाहेर मोठे असणे, त्यांतून पाणी येणे व उजेडात मूल डोळे घट्ट मिटून घेणे. ‘बाळाचे डोळे किती टपोरे’ असे म्हणून घरोघर ज्याचे कौतुक होते, तो पुष्कळदा जन्मजात काचबिंदू असतो. नात्यातील विवाहांच्या संततीत तो अधिक आढळतो. शस्त्रक्रिया लवकर झाली तर दृष्टी राखता येते.

लपविल्याने काय झाले

आमच्या परिचयाच्या एका व्यापारी कुटुंबाची हकीकत नावगाव वगळून येथे सांगतो. आईवडील मामे-आते भावंडे. धाकटी मुलगी जन्मतः बहिरी. ती मूकबधिर शाळेत हातवाऱ्यांची भाषा उत्तम शिकली. बाराव्या वर्षाच्या सुमारास ती तिन्हीसांजेस ठेचकाळू लागली. कडेने कोणी हात हलविला तर तिला कळेना. आजीच्या ध्यानात ही गोष्ट आली व तिने डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले. परंतु त्याच सुमारास थोरलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. ‘एक बहिरी आहे हे लोकांस ठाऊक आहेच, आता डोळ्यांचाही बोभाटा नको,’ असे घरातील वडील मंडळींनी ठरविले. त्यात दोन वर्षे गेली. पुढे तपासणी झाली तेव्हा अशर सिंड्रोम निघाले.

त्या दोन वर्षांत रोग बरा झाला असता असे नव्हे. परंतु ज्या मुलीची भाषाच डोळ्यांत आहे, तिची नजर शाबूत असेतो तिला ब्रेल, पांढरी काठी व स्पर्शाने बोलण्याची रीत शिकविणे अवश्य होते. ते शिक्षण तितके मागे पडले. आणि ज्या थोरलीसाठी हे सर्व लपविले, तिच्याबद्दल डॉक्टरांनी काय सांगितले? निरोगी बहिणीपाशी ते खराब पान असण्याचा संभव तीनात दोन असतो हे खरे. पण तिचा विवाह नात्याबाहेरील, त्या रोगाचा इतिहास नसलेल्या घरात झाला तर तिच्या मुलांस हा रोग होण्याचा संभव अगदी अल्प राहतो. म्हणजे ज्या भीतीने लपविले, ती भीतीच निराधार होती. पुढे त्या कुटुंबाने सोयऱ्यांस सर्व उघड सांगितले, व लग्न मोडले नाही.

उपाय व आधार

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की नेत्रसेवेच्या एका मोठ्या कार्याचा आरंभ येथेच झाला. चित्रपटनिर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी दिलेल्या देणगीतून व डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या पुढाकाराने १९८७ साली हैदराबादेस एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था सुरू झाली. या संस्थेने आपले पहिले ग्रामीण नेत्ररुग्णालय १९९६ साली मुधोळ येथे उघडले, ते भोसले गोपाळराव पटेल नेत्र केंद्र होय. २०१६ च्या पुनर्रचनेनंतर मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले, तरी आपणांस ते जवळचेच. प्राथमिक तपासणी तेथे करावी. गुंतागुंतीच्या विकारांसाठी हैदराबादच्या मुख्य संस्थेत वंशागत नेत्ररोगांची तपासणी व कुटुंबास समुपदेशन या दोन्ही सोयी आहेत. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात मोतीबिंदूसह जन्मदोषांची विनामूल्य तपासणी होते.

पडद्याच्या वंशागत विकारांवर सरसकट औषध आजही नाही. अमेरिकेत २०१७ साली एका विशिष्ट दोषावर बीजोपचारास मान्यता मिळाली. त्याची किंमत एका डोळ्यास सव्वाचार लाख डॉलर ठेवण्यात आली होती. इतर दोषांवर संशोधन चालू आहे. तोवर ‘हमखास गुण’ देणाऱ्या थेंबांच्या व चूर्णांच्या जाहिरातींस कोणी भुलू नये. खोटे वजन आपण बाजारात खपवून घेत नाही, मग औषधात का घ्यावे?

औषध नाही म्हणजे उपाय नाही असे मात्र नव्हे. जाड भिंगे, मोठी अक्षरे, बोलून दाखविणारे दूरध्वनीयंत्र, ब्रेल व हालचालीचे शिक्षण यांच्या बळावर अधू नजरेची मुले आज महाविद्यालयात शिकतात, नोकरी व धंदा करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अंधत्व व अल्पदृष्टी यांसह एकवीस प्रकारच्या अपंगत्वास मान्यता दिली असून अंध-बधिरत्वाचाही त्यात उल्लेख आहे. त्याचे प्रमाणपत्र काढण्यात कमीपणा मानू नये. तो मुलाचा हक्क आहे.

एक पान कुटुंबासाठी

शेवटी सभासद बंधुभगिनींस आमची एक विनंती आहे. दिवाळीस आपण नव्या वहीचे पूजन करतो. त्याच दिवशी घरच्या एका वेगळ्या वहीत एक पान कुटुंबासाठी राखावे. आजा-आजी, आईवडील, काका, मामा, आत्या, मावशी व त्यांची अपत्ये, यांपैकी कोणास लहान वयात अंधत्व, रातांधळेपणा, बहिरेपणा, जादा बोट, लहानपणीच मोतीबिंदू वा काचबिंदू होता काय, कोणाचा विवाह नात्यात झाला, हे त्या पानावर लिहावे. मातेकडील नोंदी विसरू नयेत. हे पान डॉक्टरांपुढे ठेवले तर त्यांचे निम्मे काम सोपे होते. मुलामुलीची सोयरीक ठरविताना पत्रिका पाहिली जाते. त्याबरोबर दोन्ही घरांनी हे पानही मोकळेपणाने एकमेकांस दाखवावे.

व्यापारात ज्याने देणे लपविले त्याची पत जाते, आणि ज्याने ते वहीत उघड दाखविले त्याची पत राहते, हे आपण जाणतोच. तोच नियम आपल्या मुलांच्या डोळ्यांविषयी पाळावा, इतकेच आमचे सांगणे आहे.